चवदार तळ्याची बातमी कोणी लिहिली?

पावसाळा आला की पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणच्या धबधब्यांचे रील्स मोबाईलवर फिरू लागतात. त्यात पाणी दिसते, धुके दिसते. दिसत नाही तो याच महाड-पोलादपूर भागातल्या पाण्याचा इतिहास. १९२७ साली इथे ओंजळभर पाण्यासाठी आपल्या माणसांची डोकी फुटली. म्हणूनच सोशल मीडियाने समाज बदलतो का, या प्रश्नाचे उत्तर आम्ही महाडमध्ये शोधतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. पण पुढची तीन वर्षे चवदार तळ्याच्या पाण्याला आपला हात लागला नाही. नुसत्या घोषणेने पाणी मिळत नाही. आज नुसत्या पोस्टने न्याय मिळत नाही, तसेच हे.

मग बदलले काय? आर. बी. मोरे आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. परिषदेपूर्वी दोन महिने कार्यकर्ते डोंगरदऱ्यांतल्या वस्त्यांवर निरोप घेऊन फिरले. १९ आणि २० मार्च १९२७ ला माणसे खांद्यावर भाकरीची गाठोडी घेऊन पायी आली. हे होते त्या काळचे नेटवर्क. ते माणसांच्या पायांवर उभे होते.

२० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावात एक अफवा सोडली गेली: आता हे वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार. तेवढ्यावर जमाव लाठ्या घेऊन परतीच्या वाटेवरच्या, जेवत असलेल्या माणसांवर तुटून पडला. व्हॉट्सअॅप नव्हते, तरी अफवेने आपले काम केले. पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण'ही झाले.

आता प्रश्न असा, की या दिवसाची बातमी कोण लिहिणार? १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. 'मूकनायक'ही तोवर बंद पडले होते. म्हणून सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला, 'बहिष्कृत भारत' निघाले. महाडची हकीकत आपल्या बाजूने, आपल्या शब्दांत नोंदली गेली. अफवेला उत्तर मिळाले ते पुराव्याने.

आणि लढा तिथे थांबला नाही. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्याचा निकाल हायकोर्टातून लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. 'बहिष्कृत भारत' तर १९२९ मध्येच पैशाअभावी बंद पडले होते. पत्र बंद पडले, खटला चालू राहिला.

आता अलीकडचे पाहा. २० मार्च २०१८ रोजी, महाड सत्याग्रहाच्याच दिवशी, सुप्रीम कोर्टाने अॅट्रॉसिटी कायदा बोथट केला. २ एप्रिलच्या भारत बंदची हाक मोबाईलवरून देशभर गेली. काही राज्यांत माणसे मारली गेली. पण ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. कारण मोबाईलवरची हाक ऐकून लोक रस्त्यावर उतरले होते.

जे म्हणतात 'मोबाईल टाका, मैदानात या', त्यांना आम्ही विचारतो: बाबासाहेबांनी वर्तमानपत्रे का काढली? आणि जे फक्त १४ एप्रिलला डीपी बदलतात त्यांना विचारतो: दहा वर्षांच्या तारखांना कोण गेले?

मित्रांनो, गावात अन्याय झाला तर व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी तारीख, ठिकाण आणि साक्षीदार लिहून ठेवा. पीडित कुटुंबाच्या जिवाला धोका होईल असे काही टाकू नका. एफआयआर झाला का ते पाहा, आणि बातमी थंड झाल्यावरही प्रत्येक तारखेला कोर्टात हजर राहा. कुडपणला जाणारे धबधब्याचा रील जरूर करोत. परतताना महाडला थांबून चवदार तळ्याचाही एक रील करा, आणि त्यात १९२७ ते १९३७ ही दहाही वर्षे सांगा.

जयभीम!