रुग्णाची हकीकत कोणाच्या दप्तरी?

रोग्याचे दुखणे एक असते, पण त्या दुखण्याची हकीकत मात्र अनेकांच्या दप्तरी विखुरलेली असते. एका डॉक्टरास हृदयाचे ठाऊक, दुसऱ्यास मूत्रपिंडाचे, तिसऱ्यास पूर्वी झालेल्या शस्त्रक्रियेचे. आणि हे सारे एकत्र सांगावयाचे ते रोग्याने, ज्वराच्या ग्लानीत! वैद्यकाच्या इतिहासात नव्या औषधांचे व नव्या शस्त्रक्रियांचे गुणगान पुष्कळ झाले आहे. परंतु ही विखुरलेली हकीकत एकत्र कशी आली, व ती अखेर ज्याची त्याच्या हाती कशी पडू लागली, ही कथाही तितकीच मोलाची असून ती फारशी कोणी सांगत नाही.

रोग्याची हकीकत लिहून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. हिपॉक्रॅटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर मोडणाऱ्या साथीच्या रोगांवरील ग्रंथाच्या पहिल्या व तिसऱ्या भागांत ४२ रोग्यांच्या हकीकती दिवसवार दिल्या आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक रोगी दगावले, हेही तेथे प्रांजळपणे नमूद केलेले आढळते. तथापि ही टिपणे वैद्याने वैद्यासाठी लिहिलेली होती. रोगी हा त्या लेखाचा विषय होता, वाचक नव्हता; आणि पुढे शतकानुशतके हीच वहिवाट चालू राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर या लहानशा गावी मेयो बंधूंचे रुग्णालय नावारूपास आले होते. तेथे अनेक डॉक्टर एकत्र काम करीत. परंतु प्रत्येकाची खातेवही निराळी. रोगी एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे गेला, की त्याची मागील हकीकत पहिल्याच्या वहीतच अडकून पडे. डॉ. हेन्री प्लमर यांना ही अडचण सहन झाली नाही. १९०७ साली त्यांनी ठरविले, की वही डॉक्टराची नसावी, कागद रोग्याच्या नावाचे असावेत. प्रत्येक रोग्यास एक क्रमांक, त्या क्रमांकाचा एक लखोटा, आणि तपासणी कोणीही करो, त्याचा कागद त्याच लखोट्यात. १९१४ साली तेथे नवी इमारत उभी राहिली, तेव्हा हे कागद मजल्यामजल्यांवर पोचविण्यासाठी यांत्रिक सोयही करण्यात आली. आज आपण ज्याला केसपेपर म्हणतो, त्याच्या घराण्याचा हा एक मूळपुरुष होय.

कागद एकत्र आले. पण ढीग झाला म्हणजे व्यवस्था झाली असे नव्हे. जाडजूड बाडात महत्त्वाची गोष्ट हरवून जाण्यास कितीसा वेळ लागतो? डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ साली या अव्यवस्थेवर बोट ठेवले. रोग्याच्या सर्व तक्रारींची क्रमवार यादी आरंभीच असावी व प्रत्येक टिपण त्या यादीतील एकेका तक्रारीस जोडलेले असावे, अशी पद्धत त्यांनी मांडली. तीस अनुसरून संगणकावर नोंदी ठेवण्याचा प्रयोगही त्यांनी व्हरमाँट विद्यापीठात केला.

त्याच सुमारास इंडियानापोलिस येथे डॉ. क्लेमेंट मॅक्डोनल्ड यांनी संगणकाकडून आणखी एक काम करवून घेतले. रोग्याच्या नोंदी पाहून, 'या औषधावर असलेल्या रोग्याची अमुक चाचणी व्हावयास हवी,' अशी आठवण संगणक छापून देई. १९७६ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. आठवण मिळाली असता डॉक्टरांनी योग्य ती कृती करण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. डॉक्टरांचे ज्ञान उणे नव्हते. दिवसभरात शेकडो गोष्टी ध्यानात ठेवणे हे माणसाच्या शक्तीबाहेरचे होते, इतकेच.

या नोंदींची खरी परीक्षा संकटात झाली. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना नावाचे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले व न्यू ऑर्लीन्स शहर जलमय झाले. असंख्य रोग्यांचे कागद पाण्यात गेले. कर्करोगावर कोणती औषधे चालू होती, इन्शुलिनची मात्रा किती होती, हे निर्वासित रोग्यांना सांगता येईना. माजी सैनिकांसाठी सरकार चालवीत असलेल्या रुग्णालयांची गोष्ट मात्र निराळी होती. त्यांच्या नोंदी संगणकावर होत्या; त्यांच्या प्रती ह्यूस्टनला हलविण्यात आल्या, आणि थोड्याच दिवसांत देशातील त्या संस्थेच्या कोणत्याही रुग्णालयात त्या वाचता येऊ लागल्या. एकाच पुरात एकाची हकीकत बुडाली व दुसऱ्याची तरली. २००९ साली अमेरिकेने कायदा करून सर्वत्र संगणकीय नोंदींस द्रव्यसाहाय्य देऊ केले.

परंतु प्रत्येक सोयीला तिची किंमत असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत असे दिसले, की रोग्याच्या सान्निध्यात घालविलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी व तत्सम कामांत जात होते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा वाचावा की पडदा, असा पेच पडला. पुढे १२ मे २०१७ रोजी खंडणीखोरांच्या एका उपद्रवी संगणक-प्रणालीने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील संगणक ठप्प केले. काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या, आणि सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्याचा अंदाज पुढे निघाला. सर्वांची हकीकत एका साखळीत गुंफली, की साखळीची एक कडी तुटण्याचे दुःखही सर्वांच्या वाट्यास येते.

यानंतरचे पाऊल सर्वांत धाडसाचे होते, यद्यपि त्यास नव्या यंत्राची गरज नव्हती. ही टिपणे रोग्यानेच का वाचू नयेत? २०१० साली बॉस्टन, पेनसिल्व्हेनिया व सिअॅटल येथील शंभरांहून अधिक डॉक्टरांनी आपली टिपणे सुमारे २०,००० रोग्यांस खुली केली. रोगी घाबरतील, प्रश्न विचारून भंडावून सोडतील, अशी भीती पुष्कळांस होती. वर्षभराने पाहता ९९ टक्के रोग्यांनी ही प्रथा चालू ठेवावी असे सांगितले, आणि एकाही डॉक्टराने ती सोडली नाही. औषधे अधिक नियमाने घेतली जाऊ लागल्याचेही अनेक रोग्यांनी कळविले. ५ एप्रिल २०२१ पासून आपली टिपणे विनामूल्य पाहण्याची मुभा अमेरिकेतील रोग्यांस नियमानेच मिळाली.

त्याच वर्षी, २७ सप्टेंबर रोजी, भारत सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात नागरिकास १४ अंकी क्रमांक मिळतो व त्याच्या संमतीने त्याच्या नोंदी एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. जे साधण्यास पश्चिमेस शंभर वर्षे लागली, त्यातील एक गोष्ट आपल्या घरांत आधीपासूनच आहे. चिठ्ठ्या, रक्ततपासणीचे अहवाल, क्ष-किरणांच्या चित्रांचे मोठे लखोटे, हे सारे आपल्याकडे रोग्याच्याच कपाटात, एका पिशवीत असते. उणीव आहे ती क्रमाची. तारखा पुसट, अक्षर दुर्बोध, निम्मे कागद गहाळ.

तेव्हा नवी व्यवस्था आली, तरी दोन गोष्टी सोडून चालणार नाहीत. प्लमर यांनी कागद एकत्र आणले ते रोग्याच्या भल्यासाठी. आणि संमतीचा अर्थ केवळ अंगठा उमटविणे असा नसून, आपली हकीकत कोण व कशासाठी वाचणार हे समजून घेणे असा आहे. घरातील एखाद्या जाणत्या माणसाने वडीलधाऱ्यांची औषधे, मात्रा, मागील दुखणी व न सोसणारी औषधे एका पानावर तारखेसह लिहून ठेवली, तर अर्धे काम आजच झाले असे समजावे. उरलेले अर्धे करण्यास यंत्र समर्थ आहे.