सूचनावही, घंटा आणि फलक

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आर्वीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. वडील हमालीला जातात. मजुरी बुडवून त्यांनी उत्पन्नाचा दाखला काढून आणला होता. शेवटच्या रात्री आम्ही तिघं संगणकासमोर बसलो. सगळी माहिती भरली, बटण दाबलं आणि पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. मग ओळ आली, ‘पडताळणी होऊ शकली नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ बारा वाजेपर्यंत आम्ही प्रयत्नच करत होतो. बारा वाजले आणि अर्जाची मुदत संपली. वडील एवढंच म्हणाले, “सर, कागदं तर सगळी होती ना?”

कागदं सगळी होती. मग चुकलं काय? पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा माझा एक जुना विद्यार्थी ईदला घरी आला, तेव्हा त्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, “सर, अर्ज घेणारा संगणक दाखला तपासायला दुसऱ्या संगणकाला विचारत असणार. त्या रात्री तिकडून उत्तर आलं नसेल, म्हणून यानं अर्जच घेतला नाही.”

“मग अर्ज ठेवून घ्यायचा आणि दाखला दुसऱ्या दिवशी तपासायचा, असं करता आलं नसतं का?”

“आलं असतं सर. पण त्याला रचनाच वेगळी लागते.”

ही ‘वेगळी रचना’ म्हणजे काय, ते समजून घेण्यासाठी मी वाचू लागलो. वाचता वाचता कळलं, की संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं याच्या दोन रीती आहेत. एकीला सर्व्हिस-ओरिएंटेड म्हणतात, दुसरीला इव्हेंट-ड्रिव्हन. आपण त्यांना सेवाधारित आणि घटनाधारित म्हणू. या दुसऱ्या रीतीच्या इतिहासात मुंबई-पुण्याची दोन माणसं ठळकपणे उभी आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी शिक्षक, त्यामुळे मला उदाहरणं शाळेतलीच सुचतात. मुख्याध्यापक सूचना काढतात तेव्हा शिपाई सूचनावही घेऊन वर्गावर्गात जातो. प्रत्येक शिक्षक वाचतो, सही करतो, वही परत येते. कोणी वाचलं, कोणी नाही, हे मुख्याध्यापकांना पक्कं कळतं. पण एखादे सर जागेवर नसले की शिपाई त्यांच्या दाराशी उभा राहतो आणि पुढचे वर्ग ताटकळतात. ही सेवाधारित रीत. विचारायचं, उत्तराची वाट पाहायची, मग पुढे जायचं.

शाळेची घंटा वेगळ्या रीतीनं काम करते. शिपाई घंटा देतो आणि आपल्या कामाला लागतो. कोणी पुस्तक मिटतं, कोणी डबा उघडतं, फाटकाबाहेरचा बोरं विकणारा टोपली सरसावतो. घंटा देणाऱ्याला यातल्या कोणाचंही नाव माहीत असण्याची गरज नाही. उद्या एक नवी तुकडी निघाली तरी घंटेत काहीच बदल करावा लागत नाही. ही घटनाधारित रीत. काय घडलं ते जाहीर करायचं, मग ज्यानं त्यानं आपलं काम करायचं.

पहिल्या रीतीचा इतिहास आधी पाहू. १९८४ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातले अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी दूरच्या संगणकाकडून काम करून घेण्याबद्दल एक निबंध लिहिला. दूरच्या संगणकाला काम सांगणं हे आपल्याच संगणकाला सांगण्याइतकं सोपं वाटावं, अशी त्यांची कल्पना होती. पुढे १९९६ साली गार्टनर या सल्लागार संस्थेच्या विश्लेषकांनी ‘सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर’ हे नाव वापरलं. २००० नंतर बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती सगळे या वाटेनं गेले. त्याला कारणही होतं. प्रत्येक खात्याकडे वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या भाषेत लिहिलेली यंत्रणा होती. सगळी मोडून नवी करण्यापेक्षा प्रत्येकीला एक ठरलेली खिडकी काढून द्यायची आणि त्या खिडकीतूनच विचारायचं, हे स्वस्त आणि शहाणपणाचं होतं.

अडचण साखळीत येते. समजा एका अर्जासाठी पाच संगणकांना विचारावं लागतं आणि प्रत्येक जण शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा उत्तर देतो. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण पाचही एकाच वेळी उत्तर देतील, असं शंभरात साधारण पंच्याण्णव वेळाच घडेल. उरलेल्या पाचांत आमची मुलगी सापडली.

दुसऱ्या रीतीच्या इतिहासात पहिलं नाव विवेक रणदिवे यांचं. मुंबईत जन्मलेले रणदिवे सोळाव्या वर्षी अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेले. १९८०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली. त्या काळी शेअर बाजारातल्या दलालांपुढे पडद्यांची गर्दी असे. एकावर भाव, दुसऱ्यावर बातम्या, तिसऱ्यावर आणखी काही. रणदिवे यांचं शिक्षण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं. संगणकाच्या आत सगळे भाग ज्या एका सामाईक मार्गानं जोडलेले असतात त्याला ‘बस’ म्हणतात. तशीच बस सॉफ्टवेअरमध्ये का नको, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून ‘इन्फर्मेशन बस’ आली. गोल्डमन सॅक्स हे तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक. डेल स्कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली या रचनेवर शास्त्रीय निबंध लिहिला. १९९४ मध्ये रॉयटर्सनं ती कंपनी विकत घेतली आणि १९९७ मध्ये रणदिवे यांनी टिब्को उभी केली.

आर्वीच्या माणसाला यात नवल वाटायला नको. कापसाचा हर्रास आठवून बघा. बोली एकदाच पुकारली जाते. ती शेतकरी ऐकतो, अडत्या ऐकतो, मापारी ऐकतो, शेजारच्या गाडीवाला ऐकतो. व्यापारी प्रत्येकाजवळ जाऊन भाव सांगत बसत नाही.

पण घंटेत एक उणीव आहे. जो उशिरा आला त्याला ती ऐकूच येत नाही. इथे दुसरं नाव येतं, नेहा नारखेडे यांचं. पुण्यात वाढलेल्या नेहा यांनी तिथल्याच पीआयसीटी महाविद्यालयात इंजिनिअरिंग केलं आणि अमेरिकेत जॉर्जिया टेकला पुढचं शिक्षण घेतलं. नंतर त्या लिंक्डइन कंपनीत रुजू झाल्या. तिथे माहिती देणाऱ्या यंत्रणा अनेक, घेणाऱ्याही अनेक आणि प्रत्येक जोडीसाठी वेगळी नळी. देणाऱ्या दहा आणि घेणाऱ्या दहा धरल्या तर शंभर नळ्या होतात. मध्ये एकच टाकी ठेवली तर वीस पुरतात. जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जून राव यांनी ही टाकी बांधली. तिचं नाव काफ्का. २०११ साली ती सर्वांसाठी खुली केली गेली. २०१४ मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली.

काफ्का म्हणजे शाळेचा सूचना फलक समजा. सूचना एकाखाली एक लागत जातात आणि कोणी वाचली म्हणून ती निघत नाही. ठरवलेल्या मुदतीपर्यंत राहते. आपण कुठवर वाचलं, याची खूण ज्यानं त्यानं ठेवायची. रजेवरून आलेले सर फलकापुढे उभे राहून मागच्या सगळ्या सूचना ओळीनं वाचतात. एखादा संगणक रात्रभर बंद पडला, तर सकाळी उठून तोही तेच करतो.

मग पहिली रीत टाकून द्यायची का? नाही. किराणा दुकानात आपण मोबाइलवरून पैसे देतो, तेव्हा ‘खात्यात रक्कम आहे का’ याचं उत्तर आत्ताच लागतं. तिथे फलकावर लिहून उद्या पाहू म्हणता येत नाही. पैसे जमा झाले की दुकानातला बोलका डबा मात्र न विचारता रक्कम सांगतो. घटनाधारित रीतीलाही स्वतःची दुखणी आहेत. एकच सूचना दोनदा पोचू शकते, मग तोच अर्ज दोनदा नोंदला जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. क्रम चुकू शकतो. काम अडलं तर नेमकं कुणापाशी अडलं, हे शोधणं कठीण जातं, कारण सही घेणारी वही इथे नसते.

आणि एक प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे. फलक कोण वाचतो? उत्पन्न, जात, धर्म, आजार, मुलांची नावं, हे सगळं एकदा फलकावर लागलं की कोणकोणती खाती आणि कोणकोणत्या कंपन्या त्याच्यापुढे उभ्या आहेत, हे हमाली करणाऱ्या बापाला कसं कळणार? २०२३ साली देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण माहिती ही अमानत आहे, ही जाणीव यंत्रणा बांधणाऱ्याच्या मनातही असावी लागते.

त्या मुलीचं ते वर्ष गेलं. आता मी प्रत्येक मुलाचा अर्ज पहिल्याच आठवड्यात भरून घेतो. माझ्या हातात तेवढंच आहे. पण आपली कितीतरी मुलं-मुली आज पुण्यात, हैदराबादेत, बंगळूरला अशाच यंत्रणा लिहीत बसली आहेत. त्यांना या गुरुजीचं एक सांगणं आहे. बाळांनो, कुणाला काय विचारायचं ते जरूर विचारा. पण उत्तर येवो न येवो, दाराशी आलेल्याचा अर्ज आधी लिहून घ्या.