चार भोकं आणि एक कॅमेरा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले पूर्वज सांगून गेले. त्यांना घराबाहेर कॅमेरा लावायचा नव्हता, म्हणून यादी दोनावरच थांबली. कॅमेरा कुठला घ्यावा आणि कुठे ठोकावा, याबद्दल आमच्या घरात सध्या माणसांपेक्षा मतं जास्त आहेत. अशा वेळी मी सरळ इतिहासात शिरतो. तिथली माणसं निदान उलट बोलत नाहीत.

आता गंमत बघा. असा लांबून पाहणारा कॅमेरा सुरुवातीला कामाला लागला, तो काही चोरासाठी नव्हे. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे इथं वाल्टर ब्रुख नावाच्या इंजिनिअरनं तो व्ही-२ रॉकेटांची उड्डाणं पाहण्यासाठी बसवला. रॉकेट वर जाईल की जागीच फुटेल याचा नेम नाही. मग जवळ उभं राहणार कोण? सुतळी बाँबची वात पेटवून आपण लांब पळतो, तेच तत्त्व. फक्त खर्च सरकारी.

तो घराच्या दारावर आणला एका नर्सबाईंनी. मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन, राहणार क्वीन्स, न्यूयॉर्क. बाईंची ड्यूटी वेळी-अवेळी. नवरा आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, त्याच्याही कामाचा तोच प्रकार. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलीस बोलावले तर ते सवडीनं येणार. रात्री दार वाजलं की आपल्याकडे 'अहो, जरा बघा' म्हणून नवऱ्याला पुढं ढकलतात. पण ढकलायला नवरा घरात तर हवा! शेवटी दोघांनी डोकं चालवलं आणि १ ऑगस्ट १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं २ डिसेंबर १९६९ला, क्रमांक ३४,८२,०३७. तीन वर्षं चार महिने! बँकेत जन्म गेल्यामुळे मला हा कालावधी मुळीच खटकला नाही.

दाराला एकाखाली एक चार भोकं आणि मागे वर-खाली सरकणारा कॅमेरा. चार कशाला? तर दार वाजवणारा सहा फुटी असेल, तसं शेजारचं पोरही असेल. चित्र थेट झोपायच्या खोलीतल्या टीव्हीवर. आल्यागेल्याशी बोलायला मायक्रोफोन, माणूस ओळखीचा निघाला तर लांबूनच कडी काढायचं बटण, आणि नाही निघाला तर मदत बोलावायचं बटण. आज दुकानदार ज्याला छाती फुगवून 'एकदम लेटेस्ट' म्हणतो, त्यातलं बरंचसं बाईंच्या कागदावर होतं.

पुढं १९९१ साली केंब्रिजच्या संगणकवाल्यांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. उठून जावं आणि भांडं रिकामं निघावं, हे दुःख त्यांना सोसेना. आपल्याकडे गॅसवरच्या दुधासाठी हे कुणाला सुचलं नाही, याची हळहळ वाटते. १९९६त स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीनं थेट नेटवर्कला जोडायचा कॅमेरा विकायला काढला, आणि घर सांगलीत, मालक शिकागोत अशी राखण होऊ लागली.

पण कॅमेरा घेणं सोपं, जागा ठरवणं कठीण. रायगडची हिरकणी आठवा. दरवाजे बंद झालेले, तान्हं मूल खाली घरी. ती सरळ कडा उतरून गेली, आणि महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला, असं सांगतात. दंतकथा म्हणा हवं तर. अक्कल खरी आहे. राखणीची जागा नकाशा बघून ठरत नाही, माणूस कुठून जातो-येतो ते बघून ठरते.

कॅमेरा आठ-दहा फुटांवर असावा. त्याहून वर चढवलात, तर चोराचं फक्त टक्कल हाती लागेल. पश्चिमेकडे तोंड केलं, तर संध्याकाळी येणारा प्रत्येक पाहुणा काळा ठिपका. भिंतीला खेटून ठेवला, तर रात्री त्याचा अदृश्य उजेड भिंतीवर आपटून चित्र पांढरंफटक. शिवाय कोळी जाळं विणतो ते अगदी भिंगासमोर. २.८ मिलिमीटरची लेन्स सगळं अंगण दाखवते, पण चेहरा वाटाण्याएवढा. ४ मिलिमीटरची अंगण कापते आणि चेहरा मोठा करते. म्हणजे आधी ठरवा, पाहायचंय काय?

खरा पेच इथंच आहे. ब्राउनबाईंचा कॅमेरा दार वाजवणाऱ्याकडेच बघायचा. आपला आठ फुटांवर चढला, की समोरच्यांचा ओटा, त्यांचं वाळवण, त्यांच्याकडे कोण आलं, कधी गेलं, सगळं बघतो आणि साठवून ठेवतो. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं एकमतानं सांगितलं. आमच्या घरात एका कॅमेऱ्यावर चौघांचं एकमत होत नाही, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या नवांचं कौतुक वाटतं.

म्हणून माझा ठराव असा: एकच कॅमेरा, दारावर, तोंड आपल्याच फाटकाकडे. उरलेल्या तीन दिशांना समोरच्या मावशी आहेत. त्यांना वायर लागत नाही, लाइट गेली तरी त्या चालू असतात, आणि आम्ही गावाला गेलो की कुरिअरसुद्धा घेऊन ठेवतात. त्यांच्या खिडकीवर भिंग रोखलं, तर त्या खिडकी लावून घेतील. मग सोळा कॅमेरे लावले तरी ती भरपाई व्हायची नाही.