गावोगावचे मास्तर

अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, उत्तर भागात राहुरी, श्रीरामपूर, राहाता, संगमनेर या तालुक्यांमधून प्रवास करताना उसाच्या शेतांपलीकडे अधूनमधून चर्चचा क्रूस दिसतो. सप्टेंबर महिन्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लोटणारी गर्दी तर सर्वांच्या परिचयाची आहे. हा ख्रिस्ती समाज इथे कसा उभा राहिला, असे विचारले की जर्मन आणि स्विस फादरांची नावे सांगितली जातात. ती सांगितलीच पाहिजेत. पण या इतिहासात आणखी एक माणूस आहे. त्याचे नाव फारसे कोणी लिहून ठेवले नाही. गावकरी त्याला नुसते 'मास्तर' म्हणत.

धर्मगुरूची दीक्षा न घेता घरसंसार करणाऱ्या श्रद्धावंतांना कॅथलिक मंडळी 'प्रापंचिक' म्हणतात. प्रापंचिकांना धर्माचे रीतसर शिक्षण द्यावे, त्यांना सेवाकार्यासाठी तयार करावे, हा विचार १९६२ ते १९६५ या काळात रोमला भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दिला, असा सर्वसाधारण समज आहे. नगर जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर हे अर्धेच खरे वाटते. परिषदेने त्या कामाला मान दिला. काम मात्र त्याआधी कितीतरी वर्षे आपल्या वाड्यावस्त्यांवर चालू होते.

मराठी मुलखाला ही गोष्ट मुळातच नवी नाही. गोव्यात साष्टी भागात नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या भाषेत वाचायला काही हवे होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' त्यातूनच जन्माला आले आणि १६१६ साली राशोलला छापले गेले. त्यांनीच कोकणीत लिहिलेले ख्रिस्ती शिकवणुकीचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाले. धर्म शिकवायचा तर लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या चालीत, हा धडा तेव्हाच घालून दिलेला होता.

नगरमध्ये ख्रिस्ती कामाची सुरुवात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने केली. ते प्रॉटेस्टंट पंथाचे. स्थानिक माणसे शिकवून तयार करण्यावर त्यांचा पहिल्यापासून भर होता. पुढे कविवर्य नारायण वामन टिळक नगरला आले आणि त्यांच्या भजन-कीर्तनाने ख्रिस्ती उपासनेला अस्सल मराठी वळण लागले. कॅथलिक जेज्विट फादर या भागात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला होता आणि नगर जिल्हा त्याच धर्मप्रांतात होता. राहुरी तालुक्यातील केंदळ आणि वळण ही त्यांची सुरुवातीची ठाणी.

फादर मोजके आणि गावे अनेक, ही पहिली अडचण. घोड्यावरून किंवा बैलगाडीतून फिरणारा फादर एका गावात वर्षातून किती वेळा पोहोचणार? मग त्या गावात कायमचा राहणारा माणूस हवा. तो म्हणजे मास्तर. दिवसा तो महारवाड्यात किंवा मांगवाड्यात एकशिक्षकी शाळा चालवी. दिवे लागले की शेतावरून परतलेल्या मोठ्या माणसांना प्रार्थना शिकवी. धर्मशिक्षणाची पद्धत प्रश्नोत्तरांची असे. लिहिता-वाचता न येणारी माणसे ऐकून ऐकून सगळी उत्तरे पाठ करत. फादर मिस्साला येणार नसले तर रविवारची प्रार्थना मास्तरच घेत. कुणी मरणाच्या दारी असेल तर बाप्तिस्मा देण्याची मुभा चर्चच्या नियमाने कोणाही माणसाला आहे. ती जबाबदारी गावात मास्तरांवर येई. मातीच्या वेळची प्रार्थनाही बहुधा त्यांच्याच तोंडून होई. मास्तरीणबाई बायकामुलींना शिकवीत. त्यांचे नाव तर पगारपत्रकावरही क्वचितच लागले असेल.

ज्या समाजाला शाळेच्या ओट्यावरही चढू दिले जात नव्हते, त्या समाजातला माणूस खडू हातात घेऊन उभा राहतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वस्तीतली पोरे अक्षर शिकत होती आणि आपणही देवापुढे माणूस आहोत हे त्याच वर्गात शिकत होती.

मास्तरांना तयार करायला आणि त्यांचे ज्ञान ताजे ठेवायला नगर जिल्ह्यात एक मोठे साधन निर्माण झाले. जर्मन जेज्विट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. फादर जिथे पोहोचत नव्हता तिथे हा अंक पोहोचू लागला. एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, असे त्या काळचे वाचन असे. या मासिकाने पुढे शंभरी ओलांडली.

डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. त्यानंतर आले पहिले महायुद्ध. जर्मन फादर एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना नजरकैदेत टाकले आणि नंतर मायदेशी धाडले. योगायोग असा की जर्मन नागरिकांना डांबण्याची एक मोठी छावणी खुद्द नगरलाच होती. मेंढपाळ कुंपणाआड आणि कळप बाहेर, अशी स्थिती झाली. अशा वेळी गावातली प्रार्थना टिकून राहते ती गावातल्याच माणसांच्या बळावर.

१९२१ साली डोरिंग यांची बदली जपानमध्ये हिरोशिमाला झाली. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला आले. ज्या जपानमध्ये ते गेले, त्या देशाने प्रापंचिकांच्या श्रद्धेचा जगातला सर्वांत मोठा दाखला दिला आहे. तिथे सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि एकही धर्मगुरू उरला नाही. तरी नागासाकीच्या परिसरातील शेतकरी-कोळ्यांनी दोनशेहून अधिक वर्षे बाप्तिस्मा आणि प्रार्थना गुपचूप चालू ठेवल्या. १८६५ साली ते उघडपणे चर्चमध्ये येऊन उभे राहिले, तेव्हा फादर थक्क झाले.

व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. १९६५ च्या नोव्हेंबरात प्रापंचिकांच्या सेवाकार्याबद्दल स्वतंत्र जाहीरनामा निघाला. १९६७ मध्ये बंगळुरूला धर्मशिक्षण आणि उपासनेसाठी राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. १९८७ साली नाशिक हा नवा धर्मप्रांत झाला, नगर जिल्हा त्यात गेला आणि थॉमस भालेराव तिथले पहिले बिशप झाले. परदेशी फादरांची जागा हळूहळू इथल्याच मातीतल्या धर्मगुरूंनी घेतली.

पण याच काळात जुना मास्तर नाहीसा होत गेला. गावोगाव सरकारी शाळा निघाल्या. ते चांगलेच झाले. मात्र शाळेबरोबर संध्याकाळचा वर्गही गेला. पोरे शिकून पुण्या-मुंबईला गेली. शिवाय एक अवघड प्रश्न आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाहीत. चर्चमध्ये एक नाव आणि कागदावर दुसरा धर्म, ही ओढाताण अनेक घरांनी सोसली आहे. पाठ केलेली प्रश्नोत्तरे याला उत्तर देत नाहीत. धर्मशिक्षण हे आयुष्याच्या प्रश्नांना भिडणारे असावे लागते, हे इथे कळते.

२०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक या सेवापदांवर स्त्रियांनाही रीतसर नेमण्याची वाट मोकळी केली. त्याच वर्षी १० मे रोजी त्यांनी धर्मशिक्षक हे प्रापंचिकांचे अधिकृत सेवापद म्हणून जाहीर केले. नगरच्या मास्तरांना आणि मास्तरीणबाईंना हा मान मिळायला शतकाहून अधिक काळ लागला. त्यांतले बहुतेक आज हयात नाहीत.

म्हणून एक काम आपल्या हाती उरते. प्रत्येक जुन्या धर्मग्रामात बाप्तिस्म्याची दप्तरे आहेत, घराघरांत म्हातारी माणसे आहेत. आपल्या गावचा पहिला मास्तर कोण, तो कुठला, त्याच्या बायकोचे नाव काय, हे त्यांना विचारून लिहून ठेवले पाहिजे. नव्या प्रापंचिक सेवकांच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा हाच असावा. आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत हे ज्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)