टर्बोचार्जरच्या तेलवाहिन्या : नाममुद्रा, मानक आणि किंमत यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारगाडीच्या तांत्रिक इतिहासात इंजिनाला जेवढे स्थान मिळाले तेवढे त्याच्या पूरक भागांना मिळालेले नाही. टर्बोचार्जरला वंगण पुरविणारी तेलवाहिनी हा असाच एक उपेक्षित भाग होय. गॅरेजमध्ये जिला ‘ऑइल पाइप’ म्हणतात, त्या नळीची किंमत टर्बोचार्जरच्या तुलनेत अल्प असते. मात्र ती तुंबली किंवा गळू लागली तर संपूर्ण टर्बोचार्जर आणि प्रसंगी इंजिनही निकामी होते. ही नळी बदलताना ग्राहकासमोर एक प्रश्न उभा राहतो : नामांकित कंपनीची महाग नळी घ्यावी की तशीच दिसणारी स्वस्त नळी चालेल? हा प्रश्न वरवर केवळ खर्चाचा वाटत असला, तरी त्यामागे शतकभराचा इतिहास आहे. तंत्रज्ञान, प्रमाणीकरण आणि बाजारपेठेचे कायदे या तीन अंगांनी या प्रश्नाचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. टर्बोचार्जरचा उदय

इंजिनातून वाया जाणाऱ्या उष्ण वायूंवर चाक फिरवून त्याद्वारे इंजिनात अधिक हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. ती प्रत्यक्षात येण्यास वीस वर्षे लागली. १९२५ मध्ये दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाची शक्ती या पद्धतीने १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात यश आले. दरम्यान पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो याने विमानाच्या इंजिनावर हा प्रयोग केला, तर अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये सुमारे १४,००० फूट उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर लिबर्टी इंजिनाची चाचणी घेतली. जहाज असो वा विमान, या इंजिनांची देखभाल प्रशिक्षित माणसांच्या हाती असे. त्यामुळे वंगणाची व्यवस्था हा तज्ज्ञांच्या दैनंदिन कामाचाच भाग होता.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडर या गाड्यांच्या रूपाने टर्बोचार्जर सामान्य ग्राहकाच्या हाती आला. जेटफायरमध्ये पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. अनेक मालकांनी त्याकडे दुर्लक्ष केले आणि १९६३ नंतर हे मॉडेल बंद झाले. ज्या यंत्राला सतत जागरूक देखभाल लागते ते सर्वसामान्यांच्या हाती टिकत नाही, हा या घटनेचा पहिला धडा होता.

२. उष्णतेचा प्रश्न

सत्तरीच्या दशकात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३), पोर्शे ९११ टर्बो (१९७४), साब ९९ टर्बो आणि मर्सिडीजची ३०० एसडी ही डिझेल गाडी (दोन्ही १९७८ च्या सुमारास) यांमुळे टर्बोचार्जर रस्त्यांवर स्थिरावला. त्याबरोबरच वंगणाचा प्रश्न तीव्र झाला.

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. साध्या बेअरिंगमध्ये हा दांडा प्रत्यक्षात धातूवर टेकत नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाबाखाली आलेले तेल बेअरिंगमधून गेल्यावर मात्र केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते. म्हणून तेल आणणारी नळी अरुंद असली तरी चालते. परत नेणारी नळी रुंद, उताराची आणि बाकविरहित असावी लागते. परतीची वाट अडली तर तेल बेअरिंगच्या पोकळीत साचते, सीलमधून बाहेर पडते आणि धूर दिसू लागतो. अशा वेळी दोष नळीचा असूनही बदलला जातो तो टर्बोचार्जर.

इंजिन बंद करताच तेलाचा पंप थांबतो. टर्बाइनची उष्णता मात्र बेअरिंगकडे सरकत राहते. तेथे अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा बनतो आणि तोच थर नळीच्या तोंडाशीही साचतो. म्हणूनच गाडी थांबविण्यापूर्वी इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवण्याचा सल्ला रूढ झाला. ऐंशीच्या दशकात बेअरिंगच्या घराभोवती पाणी खेळविण्याची पद्धत आल्यावर आणि कृत्रिम तेलांचा प्रसार झाल्यावर हा त्रास कमी झाला, परंतु पूर्णपणे संपला नाही.

३. विमानापासून गॅरेजपर्यंत

आज नामांकित म्हणून विकल्या जाणाऱ्या नळ्यांची परंपरा विमानविद्येतून आली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्कर व नौदलाने नळ्यांच्या जोडांसाठी समान मानक स्वीकारले. या ‘एएन’ मानकात जोडाच्या शंकूचा कोन ३७ अंशांचा असून मोटारींत रूढ असलेल्या ४५ अंशांच्या जोडाशी तो जुळत नाही. आकार इंचाच्या सोळाव्या भागात मोजला जातो : चार क्रमांक म्हणजे पाव इंच, दहा क्रमांक म्हणजे पाच अष्टमांश इंच. अमेरिकेतील जॅक्सन येथे १९४० मध्ये स्थापन झालेल्या एरोक्विपसारख्या कंपन्यांनी असे होज विमानांसाठी बनविले. पुढे ते शर्यतीच्या गाड्यांत आले आणि तेथून हौशी मोटारचालकांपर्यंत पोहोचले.

या नळीचा खरा गुण तिच्या आतील अस्तरात असतो. १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेट याने शोधलेले पीटीएफई, म्हणजे लोकांना परिचित असलेले टेफ्लॉन, सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान सतत सहन करते. नायट्राइल रबर मात्र सव्वाशे अंशांच्या आसपासच थकते. बाहेरून पाहता दोन्ही नळ्यांवर स्टीलच्या तारांची सारखीच चकचकीत वीण असते. विमानात ही वीण दाब सोसण्यासाठी होती. बाजारात तीच दर्जाची खूण मानली गेली. ज्या क्षणी बाह्य खूण गुणाची जागा घेते, त्या क्षणी नक्कल सोपी होते. स्वस्त नळ्यांचा धोका मुख्यतः येथेच आहे. वीण खरी असते, परंतु अस्तर कशाचे आहे हे नळी कापल्याशिवाय कळत नाही.

४. नाव विश्वासार्ह की मानक?

यावरून नामांकित नळीच घ्यावी असा सरळ निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पीएसए आणि फोर्ड यांनी संयुक्तपणे विकसित केलेल्या १.६ लिटर डिझेल इंजिनाचे उदाहरण येथे बोलके आहे. त्याच्या तेलवाहिनीत एक बारीक जाळी होती. तेलातील काजळीने ती तुंबली की टर्बोचार्जर उपाशी राहून निकामी होई. नवा टर्बोचार्जर बसवूनही नळी जुनीच ठेवली तर तोही काही दिवसांत जाई. येथे भाग मूळ उत्पादकाचाच होता. दर्जाचा प्रश्न केवळ कोणी बनविले एवढ्यावर सुटत नाही. कशासाठी व कोणत्या परिस्थितीसाठी बनविले हेही पाहावे लागते.

याउलट, प्रत्येक स्वस्त नळी वाईट असतेच असे नाही. वाहनउद्योगात एकच पुरवठादार गाडीच्या कंपनीच्या पेटीत आणि स्वतःच्या पेटीत तोच भाग विकू शकतो. फरक किमतीत असतो, वस्तूत असतोच असे नाही. हे वास्तव कायद्यानेही ओळखले. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने विशिष्ट नावाचाच भाग वापरण्याची अट वॉरंटीला जोडण्यास सामान्यतः मनाई केली. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमावलीने पुरवठादाराने उत्पादकाच्या विनिर्देशानुसार बनविलेल्या भागालाही ‘मूळ भाग’ मानले आणि ‘समकक्ष दर्जाचे भाग’ ही संकल्पना मान्य केली.

५. भारतीय संदर्भ

भारतात टर्बोचार्जर प्रथम जड वाहनांतून आणि नंतर प्रवासी मोटारींतून आला. पुण्यात तयार झालेली टाटा सफारी १९९८ मध्ये टर्बो डिझेल इंजिनासह बाजारात आली. पुढे लहान डिझेल गाड्यांत आणि अलीकडे छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बोचार्जर सर्रास दिसू लागला. त्यामुळे ‘कंपनीचा पार्ट’ की ‘लोकल पार्ट’ हा प्रश्न मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचला.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात उपलब्ध न करून दिल्याने स्वतंत्र गॅरेजांची कोंडी होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. या आदेशाविरुद्ध अपिले झाली. तथापि त्यातून पुढे आलेला मुद्दा मूलगामी आहे. अस्सल भाग आणि त्याची माहिती ग्राहकाला मिळतच नसेल, तर त्याने नकली भाग घेतला म्हणून केवळ त्यालाच दोष देता येत नाही.

निष्कर्ष

१. तेलवाहिनीची निवड नावावरून अथवा किमतीवरून नव्हे, तर अस्तराचा पदार्थ, तापमानाची मर्यादा, जोडाचा कोन आणि आतील व्यास यांवरून करणे योग्य ठरते. हा तपशील लेखी न देणारी नळी, स्वस्त असो वा महाग, संशयास्पद समजावी.

२. तेल आणणारी नळी उष्णतेच्या सर्वांत जवळ असल्याने तेथील काटकसर अंगाशी येते. परतीच्या नळीत तिचा व्यास आणि उतार निर्णायक असतो. साधे सिलिकॉन तेलात टिकत नसल्याने तेथेही अस्तर पाहणे आवश्यक आहे.

३. टर्बोचार्जर बदलताना जुनी नळी तशीच ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी बचत होय.

४. नाममुद्रेवरील विश्वास ही ग्राहकाची भाबडी समजूत नसते. माहितीच्या अभावी त्याने स्वीकारलेला तो पर्याय असतो. मानके आणि माहिती जेवढी खुली होतील, तेवढे नावाचे ओझे कमी होईल. ती बंद राहिली तर भुर्दंड शेवटी गाडीच्या मालकाला पडतो आणि बोल त्या गाडीची दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकला लागतो.