लॅपटॉपची मेमरी वाढविताना : छापील वेग आणि प्रत्यक्ष वेग

लॅपटॉपची मेमरी, म्हणजेच रॅम, वाढविणे हे संगणकाच्या कामांतील सर्वांत सोपे काम समजले जाते. झाकणाचे स्क्रू काढावेत, नवी स्टिक स्लॉटमध्ये बसवावी, झाकण लावावे, की काम झाले. परंतु स्टिकवर जो वेग छापलेला असतो, त्याच वेगाने ती आपल्या यंत्रात धावेल याची शाश्वती नसते. ती कमी वेगाने धावत असली तरी संगणक तशी कोणतीही सूचना देत नाही. पडदा उजळतो, वाढलेली मेमरी दिसते आणि ग्राहक समाधानाने पैसे मोजतो. खरेदीपूर्वीची दहा मिनिटे आणि बसविल्यानंतरची दहा मिनिटे दिली, तर हा व्यवहार डोळसपणे करता येतो.

हा विषय आताच निकडीचा होण्यास दोन कारणे आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम पुरेशी असल्याचे कंपनी सांगते. प्रत्यक्षात तेवढ्या रॅमवर ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या उघडल्या तरी यंत्र धापा टाकू लागते. दुसरे कारण भावाचे. २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपचे भाव जगभर झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने उत्पादकांनी आपली क्षमता तिकडे वळविली आणि सामान्य ग्राहकाची रॅम महागली. महाग वस्तू चुकीची घेतली, तर नुकसानही तेवढेच मोठे.

त्यात सीमाभागाची अडचण वेगळी आहे. बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे येणाऱ्या रस्त्यावर खानापूर तालुक्यातील जांबोटी हे गाव लागते. तेथून बेळगाव सुमारे ३० किलोमीटर, तर गोव्याकडे यायचे म्हणजे कणकुंबी ओलांडून घाट उतरणे आले. संगणकाच्या सुट्या भागांसाठी या पट्ट्यातील विद्यार्थ्याला बेळगाव गाठावे लागते, गोव्यात कामाला असलेल्या एखाद्या नातेवाइकाकडून वस्तू मागवावी लागते किंवा ऑनलाइन खरेदी करावी लागते. गोव्यातूनही अनेकजण याच रस्त्याने बेळगावला खरेदीसाठी जातात. चुकीची स्टिक परत करायची म्हणजे पुन्हा घाट चढणे, आणि पावसाळ्यात झाड किंवा दरड कोसळून तो घाट केव्हा अडेल याचा नेम नसतो. म्हणून निर्णय घरातून निघण्यापूर्वीच झालेला बरा.

आधी निदान

यंत्र मंद आहे म्हणजे रॅम कमी आहे, असे नेहमीच नसते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची कामे चालू ठेवून त्यातील ‘परफॉर्मन्स’ हा विभाग पाहावा. मेमरीचा वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम वाढविण्याचा लाभ होईल. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर असेल, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. अशा वेळी तोच पैसा एसएसडीवर खर्च करणे शहाणपणाचे. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन दुखण्यांची औषधे निराळी आहेत.

स्लॉट आहे का, आणि कोणता?

मेमरीच्या त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी नोंद असते. ‘२ पैकी १’ असे दिसले, तर एक जागा रिकामी असण्याची शक्यता आहे. मात्र हा आकडा सर्वच यंत्रांत विश्वासार्ह नसतो, कारण काही लॅपटॉपांत मदरबोर्डवर डाख देऊन कायमची बसविलेली रॅमही स्लॉट म्हणून मोजली जाते. अनेक सडपातळ लॅपटॉपांत आणि अ‍ॅपलच्या एम मालिकेतील मॅकबुकमध्ये रॅम बदलताच येत नाही. म्हणून लॅपटॉपच्या खालच्या बाजूवरील पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात खात्री करावी.

मग येतो पिढीचा प्रश्न. लॅपटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २०४, डीडीआर४ ला २६० आणि डीडीआर५ ला २६२ संपर्कबिंदू असतात. प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. विजेची गरजही वेगळी आहे : डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, तिच्या ‘एल’ प्रकाराला १.३५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१ व्होल्ट. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या डीडीआर३ लॅपटॉपांना सामान्यतः १.३५ व्होल्टची ‘एल’ स्टिकच लागते. साधी डीडीआर३ त्यात बसते, पण यंत्र चालू होईलच असे नाही.

वेग कोण ठरवितो?

स्टिकवर ‘३२००’ असे छापलेले असते, तो तिच्या क्षमतेचा आकडा आहे. प्रत्यक्ष वेग तीन गोष्टींवर अवलंबून असतो : प्रोसेसर, सोबतची दुसरी स्टिक आणि बायोस. घाटात पुढे मालवाहू ट्रक असला की मागची गाडी कितीही नवी असो, तिला ट्रकाच्याच गतीने चढावे लागते. येथेही सर्वांत संथ घटकाचा वेग अखेरीस साऱ्यांचा वेग होतो.

प्रोसेसरची मर्यादा उत्पादकाने ठरवून दिलेली असते. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ ७२००यू डीडीआर४ रॅम २१३३ पर्यंत चालवितो. आठव्या पिढीच्या आय-५ ८२५०यू ची मर्यादा २४००, दहाव्या पिढीच्या आय-५ १०२१०यू ची २६६६ आणि अकराव्या पिढीच्या आय-५ ११३५जी७ ची ३२०० आहे. एएमडीच्या बाजूला रायझन ५ ३५००यू २४०० वर थांबतो, तर रायझन ५ ५५००यू ३२०० पर्यंत जातो. म्हणजे ८२५०यू असलेल्या लॅपटॉपमध्ये ३२०० ची स्टिक बसविली, तर ती सामान्यतः निमूटपणे २४०० वर चालते. त्यात बिघाड काही नाही. फक्त जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजले असतील, तर ते वाया गेले.

दुसरी मर्यादा जोडीदाराची. जुनी स्टिक २४०० ची आणि नवी ३२०० ची असेल, तर दोन्ही २४०० वर धावतात. तिसरी बायोसची. गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या काही स्टिकचा छापील वेग एक्सएमपी ही खास मांडणी सुरू केल्यावरच मिळतो. बहुतेक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ती सोय नसते. मग स्टिक आपल्या मूळ, कमी वेगावर चालते.

लेबल वाचताना गोंधळ होतो तो दोन प्रकारच्या आकड्यांमुळे. ‘पीसी४-२५६००’ यातील २५६०० हा आकडा दर सेकंदाला किती मेगाबाइट माहिती वाहू शकते हे सांगतो. त्याला ८ ने भागले की ३२०० हा परिचित वेग मिळतो. त्याच रीतीने १९२०० म्हणजे २४०० आणि २१३०० म्हणजे २६६६. सॅमसंग किंवा एसके हायनिक्सच्या स्टिकवर ‘३२००एए’, ‘२६६६व्ही’, ‘२४००टी’ असे लिहिलेले असते. तेथे आकडा थेट वेगाचाच आहे.

एक की दोन?

१६ जीबीची एकच स्टिक घ्यावी की ८ जीबीच्या दोन, हा प्रश्न वेगाइतकाच महत्त्वाचा आहे. दोन स्टिक असल्यास प्रोसेसर दोन मार्गांनी माहिती ने-आण करतो. ३२०० वेगाच्या एका स्टिकची कमाल वहनक्षमता सेकंदाला २५.६ जीबी, तर जोडीची ५१.२ जीबी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपांत चित्रफितींचे संपादन, आरेखनाचे काम आणि खेळ यांत हा फरक स्पष्ट जाणवतो. पत्रलेखन आणि हिशेबात फारसा नाही. ८ जीबी आणि १६ जीबी अशी विषम जोडीही इंटेलच्या यंत्रांत चालते. तेव्हा दोन्हींतील आठ-आठ जीबी दुहेरी मार्गाने आणि उरलेली आठ जीबी एकेरी मार्गाने वापरली जाते.

बसविताना

लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. मागचे झाकण उघडल्यावर शक्य असल्यास बॅटरीची जोडणी सोडवावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी. हाताने एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून मगच स्टिक कडांनी धरावी. खाच जुळवून ती तिरकी आत सरकवावी आणि दोन्ही बाजूंच्या पकडी ‘टक्’ आवाज करीपर्यंत खाली दाबावी. सोनेरी संपर्कपट्टी बाहेर दिसत असेल, तर स्टिक अर्धवटच बसली आहे.

जांबोटी-कणकुंबीच्या पावसात आणि गोव्याच्या दमट हवेत जुन्या यंत्रांच्या संपर्कबिंदूंवर मळ व गंज धरण्याची शक्यता अधिक. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ते पुसून पूर्ण वाळू द्यावेत.

पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिटभर, डीडीआर५ असल्यास त्याहूनही अधिक काळ काळा राहू शकतो. यंत्र नव्या मेमरीशी जुळवून घेत असते. त्या वेळी घाबरून बटण दाबू नये.

प्रत्यक्ष वेग कसा पाहावा?

प्रथम टास्क मॅनेजरमधील मेमरीच्या पानावरचा ‘स्पीड’ पाहावा. हा सध्या चालू असलेला वेग असतो. विंडोजच्या जुन्या आवृत्त्या तो मेगाहर्ट्झमध्ये, तर नव्या आवृत्त्या दर सेकंदाच्या दशलक्ष हस्तांतरणांत दाखवितात. आकडा तोच राहतो. २६६६ ऐवजी २६६७ दिसले, तर तो केवळ पूर्णांकाचा फरक आहे.

अधिक खात्रीसाठी ‘सीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्रॅम वापरावा. नवखा माणूस येथे दचकतो, कारण त्याच्या ‘मेमरी’ या भागात १५९६ किंवा ११९७ असा निम्माच आकडा दिसतो. यात फसवणूक नाही. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठविते. सीपीयू-झेड ठोके मोजतो आणि लेबल हस्तांतरणे मोजते. दिसलेला आकडा दुप्पट करावा : १५९६ म्हणजे ३२०० ची स्टिक पूर्ण वेगाने, ११९७ म्हणजे २४००. यंत्र कामात असताना हा आकडा पाहावा, कारण काही प्रोसेसर रिकामे असताना वीज वाचविण्यासाठी मेमरीचा वेग उतरवितात.

त्याच भागात मार्गांची संख्याही दिसते. डीडीआर४ मध्ये ‘२ गुणिले ६४ बिट’ म्हणजे दुहेरी मार्ग. डीडीआर५ ची एकच स्टिक आतून दोन भागांत विभागलेली असल्याने ती एकटी असतानाही ‘२ गुणिले ३२ बिट’ दाखविते. जोडी नीट बसली असेल, तर ‘४ गुणिले ३२’ दिसायला हवे.

‘एसपीडी’ या भागात स्टिकच्या चिपमध्ये नोंदविलेला उत्पादक, भाग क्रमांक आणि बहुधा निर्मितीचा आठवडा व वर्ष दिसते. वर चिकटविलेले लेबल बदलणे सोपे, आतील नोंद बदलणे तितके सोपे नाही. लेबल ३२०० चे आणि आतील नोंद २४०० ची असेल, तर स्टिक तेथेच परत करावी.

१६ जीबी बसवूनही वापरण्यास १५.८ किंवा १३.९ जीबीच उपलब्ध दिसली, तर तीही चोरी नव्हे. उरलेला भाग प्रोसेसरमधील ग्राफिक्सने राखून ठेवलेला असतो. शेवटी विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ किंवा ‘मेमटेस्ट८६’ ही चाचणी एकदा पूर्ण चालवावी. सदोष स्टिक वेग बरोबर दाखविते, पण अधूनमधून निळा पडदा आणते आणि कधीकधी फाइलीही बिघडविते. प्रकल्प अहवाल सादर करण्याच्या आदल्या रात्री हे कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कळलेले बरे.

पावती आणि तक्रार

पावतीवर केवळ ‘रॅम ८ जीबी’ असे न लिहिता पिढी, वेग, उत्पादक आणि भाग क्रमांक लिहून घ्यावा. दुकानातच बसवून घेत असल्यास वरील दोन्ही आकडे काउंटरवर पाहूनच पैसे द्यावेत. प्रामाणिक दुकानदाराला त्यात वावगे वाटत नाही.

सीमेपलीकडे खरेदी करणाऱ्यांनी एक तरतूद लक्षात ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जेथे राहतो किंवा उपजीविकेचे काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. पणजीत वस्तू घेतलेला जांबोटीचा रहिवासी बेळगावच्या आयोगाकडे जाऊ शकतो आणि बेळगावात खरेदी केलेला डिचोलीचा ग्राहक गोव्यातील आयोगाकडे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. मात्र या साऱ्याचा पाया म्हणजे तपशीलवार पावती आणि पडद्यावरील आकड्यांचे छायाचित्र.

खरेदीचा क्रम म्हणून असा ठेवावा : आधी पुरेशी मेमरी, मग शक्य असल्यास समान जोडी आणि त्यानंतर वेग, तोही आपल्या प्रोसेसरला पेलेल इतकाच. २४०० च्या यंत्रात २४०० च्या दोन उत्तम स्टिक बसविणारा ग्राहक ३२०० ची एकच महाग स्टिक घेणाऱ्यापेक्षा अधिक वेगवान लॅपटॉप घेऊन घरी जातो.