संशय आणि साक्ष

अत्याचार सोसलेल्या स्त्रीने तोंड उघडले की समाज प्रथम तिचीच उलटतपासणी घेतो. ती तेथे गेली कशाला? ओरडली का नाही? इतके दिवस गप्प का बसली? या प्रश्नांचे आपल्याकडील वय किती, आणि त्या स्त्रीच्या पाठीशी कोण उभे राहिले, याचा संक्षिप्त मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवेच्या पदरी कलंक येई आणि फसविणारा उजळ माथ्याने वावरे. फुले दांपत्याने त्या विधवेला जाब विचारला नाही, निवारा दिला. पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला आणि वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीला दूषणे दिली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून दोषाचा अर्धा वाटा पुरुषाच्या पदरात निर्भयपणे घातला.

यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी तोच प्रश्न न्यायालयात उभा राहिला. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. तिचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. तिचे नाव अनेक ग्रंथांत छापलेले आहे. मी ते येथे हेतुपुरस्सर लिहीत नाही. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवून आरोपींना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने धाकापोटी निमूटपणे सोसणे आणि संमती देणे यांत भेद आहे असे सांगून दोघांना शिक्षा दिली. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. ज्यांच्याकडे दाद मागावयाची त्यांच्याच ठाण्यात ती होती. तेथे ओरडून तिने हाक मारावयाची तरी कोणाला?

वर्षभर हा निकाल कायद्याच्या ग्रंथांत पडून होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चौघा कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. आपण अध्यापकांनी ध्यानी ठेवावे असे त्यात बरेच आहे: त्यांतील बहुतेकांचा व्यवसाय शिकविण्याचा होता, आणि हाती लेखणीवाचून दुसरे शस्त्र नव्हते. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला. त्या वर्षी ८ मार्चला अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. परिणामी १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला व स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. तिचे नाव प्रसिद्ध करणे गुन्हा झाला. फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्यास वाव देणारे साक्ष कायद्यातील कलम २००३ मध्ये वगळले गेले. त्या मुलीच्या वाट्याला मात्र न्याय आला नाही. तिच्या पराभवाचे फळ इतरांना मिळाले, हे ऋण विसरता येत नाही.

आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रिया त्याच सुमारास संघटित झाल्या. ‘युगांतर’ या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला; त्यात त्या आपली हकीकत आपल्याच तोंडाने सांगतात. एकटीचा शब्द कुजबुजीत विरतो. चौघी पाठीशी उभ्या राहिल्या की त्याच शब्दाची साक्ष होते.

शेवटी एक कबुली देणे प्राप्त आहे. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात एक विद्यार्थिनी आईचा हात धरून मजकडे आली होती. तिचे बोलणे पुरे होण्याआधीच मी विचारले, “बाळ, तू ओरडली का नाहीस?” ती पुढे बोलली नाही, आणि पंधरवड्याने शाळेतही आली नाही. पुष्कळ वर्षांनी देसाईगंजच्या निकालाचा वृत्तान्त वाचताना माझाच प्रश्न मला न्यायासनाच्या तोंडी सापडला. मी दुष्ट नव्हतो. केवळ रूढ प्रश्न विचारला होता. अशा प्रश्नांचे बळ नेमके त्यांच्या रूढपणात असते.

२०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने असा गुन्हा कळताच पोलिसांना कळविणे शिक्षकासही बंधनकारक केले आहे. कायदा तेवढे करवून घेईल. खरेखोटे पारखणे हे न्यायालयाचे काम. त्याची घाई शाळेच्या खोलीत करण्याचे कारण नाही. आपल्याकडे येते ती ऐकण्याची पहिली घटका. ती एकदा हातची गेली की परत येत नाही, हे मी जाणतो.